पडद्यावरील फुटबॉलचा कारभारी

खेळाचें वेड मनुष्यजातीस नवें नाहीं. चेंडूमागें धांवणाऱ्यास चेंडूचें वेड असतें, मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडणाऱ्यास आपल्या संघाचें असतें, आणि पैजा लावणाऱ्यास पैशाचें असतें. परंतु गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या तिन्हींहून निराळें असें एक चौथें वेड उत्पन्न झालें आहे. त्यांत गुंतलेला मनुष्य चेंडूला पाय लावीत नाहीं, मैदानावर जात नाहीं, आणि त्याच्या खिशांतला एक पैसाही पणाला लागलेला नसतो. तो आपल्या खोलींत संगणकापुढें बसून नांवांच्या याद्या आणि आंकड्यांचे रकाने वाचीत असतो. दुरून पाहणाऱ्यास वाटावें कीं, हा एखाद्या पेढीचा हिशेबनीस असून वर्षअखेरचा ताळेबंद जुळवीत बसला आहे. रात्रीचे दोन वाजतात, सकाळीं कामावर जावयाचें असतें, तरी तो उठत नाहीं. कारण त्याच्या संघाचा पुढचा सामना अवघ्या तीन दिवसांवर आलेला असतो, आणि हे तीन दिवस पडद्यावर मिनिटाभरांत सरणार असतात.

फुटबॉल-संघाचा कारभार चालविण्याचे जे संगणकावरील खेळ आहेत, त्यांचें हें वेड होय. हिशेबाच्या वहीसारखें रूक्ष दिसणारें हें काम इतक्या माणसांना रात्र रात्र जागें कां ठेवतें, हा प्रश्न केवळ फुटबॉलच्या शौकिनांपुरता नाहीं. ज्या घरांतला मुलगा, भाऊ किंवा यजमान जेवणाच्या हांकेला तीन वेळां “आलोंच” म्हणतो आणि येत नाहीं, त्या घरांतील मंडळींनाही त्याचें उत्तर हवें असतें. शिवाय मनुष्याचें मन कोणकोणत्या दोऱ्यांनीं बांधलें जातें हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यास या खेळाइतकें स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

हा खेळ इंग्लंडमध्यें जन्मला, आणि तो तेथेंच जन्मावा यालाही कारण आहे. तेथील फुटबॉल-क्लबांत आरंभीच्या काळीं संघ निवडण्याचा अधिकार बहुधा संचालकांच्या समितीकडे असे. पुढें तो हळूहळू एका माणसाच्या हातीं आला, आणि या बदलाशीं हर्बर्ट चॅपमन याचें नांव विशेषेंकरून जोडलें जातें. हडर्सफील्डच्या संघाला त्यानें १९२४ सालीं लीगचें विजेतेपद मिळवून दिलें. १९२५ सालीं तो आर्सेनल क्लबाकडे गेला, आणि १९३१ सालीं त्या क्लबालाही तें विजेतेपद प्रथमच मिळालें. १९३४ च्या जानेवारींत तो वारला, तोंपर्यंत ‘मॅनेजर’ या शब्दाला इंग्लंडांत एक निराळेंच वजन प्राप्त झालें होतें. संघ कोणता उतरवावा, कोणत्या डावपेंचानें खेळावें, कोणता खेळाडू विकत घ्यावा आणि कोणता सोडून द्यावा, या साऱ्या गोष्टींचें श्रेय आणि अपश्रेय एकाच माणसाच्या माथीं येऊं लागलें. अपश्रेय एकाचें झालें म्हणजे सल्ला हजारांचा होतो. सामना हरून घरीं परतणारा प्रत्येक प्रेक्षक “त्या जागीं मी असतों तर” या विचारांत गढलेला असे. क्रिकेटचा संघ जाहीर झाल्यावर पुण्या-मुंबईच्या कट्ट्यांवर जी चर्चा रंगते, तिचीच ही विलायती बहीण. या “मी असतों तर”ला बसावयास खुर्ची मिळाली ती संगणकामुळें.

१९८२ सालीं केव्हिन टॉम्स नांवाच्या इंग्रज गृहस्थानें ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ विक्रीस काढला. लहानपणापासून त्यास पुठ्ठ्यावरचे व सोंगट्यांचे फुटबॉलचे खेळ रचण्याचा नाद होता. परंतु साऱ्या संघांचे निकाल लावून गुणतक्ता तयार करण्याचें किचकट काम हातानें करावें लागे. घरगुती संगणक आला आणि तें काम यंत्राकडे गेलें. त्या संगणकांची शक्ति आजच्या खिशांतल्या फोनाच्या मानानें अगदींच क्षुल्लक होती. पडद्यावर काड्यांसारखीं माणसें हलत आणि चेंडू म्हणजे एक ठिपका असे. तरीही लोक त्यांत रमले. टॉम्सनें आपल्या संस्थेचें नांव ‘ॲडिक्टिव्ह गेम्स’, म्हणजे ‘व्यसन लावणारे खेळ’, असें ठेविलें होतें. दुकानाच्या पाटीवरच धोक्याची सूचना लिहावी आणि ती वाचून गिऱ्हाइकांनीं परत न फिरतां आंत शिरावें, असा हा प्रकार झाला. या जातीच्या खेळांच्या जगांत ‘व्यसन’ हा शब्द पहिल्या दिवसापासून निंदेचा नसून स्तुतीचा आहे, ही गोष्ट पुढील विचारासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दहा वर्षांनीं, १९९२ सालीं, पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या दोघां भावांनीं श्रॉपशर परगण्यांतील आपल्या घरीं निजण्याच्या खोलींत बसून रचलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तींत खेळाडूंचीं नांवें काल्पनिक होतीं. पुढच्या आवृत्तींत खरीं नांवें आलीं, आणि तेथून या खेळाचें भाग्य उजळलें. १९९४ सालीं या बंधूंनीं ‘स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था काढली. २००३ सालीं प्रकाशकांशीं त्यांची फारकत झाली तेव्हां वांटणी मोठी चमत्कारिक झाली: खेळाचें नांव प्रकाशकांकडे राहिलें, आणि खेळाचें आंतलें यंत्र व खेळाडूंची माहिती भावांकडे आली. त्यांनीं सेगा कंपनीच्या साह्यानें २००४ च्या अखेरीस ‘फुटबॉल मॅनेजर’ हें टॉम्सचें जुनें नांव धारण करून नवा संसार थाटला. खेळणारे बहुतांशीं नांवाच्या मागें न जातां जिवाच्या मागें गेले. तेव्हांपासून दरवर्षीं नवी आवृत्ति निघण्याचा परिपाठ पडला. २०२५ च्या फेब्रुवारींत त्या हंगामाची आवृत्ति अपुरी असल्यामुळें रद्द करण्यांत आली, तेव्हां एखादें वार्षिक पर्व हुकावें तशी चुटपुट शौकिनांस लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत निघालेल्या पुढच्या आवृत्तींत स्त्रियांच्या संघांचाही प्रथमच समावेश झाला.

आतां या खेळांत प्रत्यक्ष करावयाचें काय असतें तें पाहूं जातां असें दिसतें कीं, त्यांत खेळापेक्षां कारभारच अधिक आहे. खेळणारा एखादा क्लब निवडतो आणि त्याचा मॅनेजर होतो. रोज पडद्यावर टपाल येतें. संचालक खर्चाची मर्यादा कळवितात. वैद्य सांगतो कीं अमक्याचा गुडघा दुखावला असून तो सहा आठवडे खेळूं शकणार नाहीं. एखादा खेळाडू पगारवाढ मागतो, दुसरा संघांत जागा मिळत नाहीं म्हणून रुसतो. दूरदेशीं पाठविलेला पारखी एका सोळा वर्षांच्या मुलाची शिफारस करतो. प्रत्येक खेळाडूचे गुण एक ते वीस अशा आंकड्यांनीं मांडलेले असतात; त्यांत वेग व नेम यांजबरोबर धैर्य, निश्चय आणि एकाग्रता हेही असतात. हें सारें वाचून मॅनेजरानें संघ निवडावा, डावपेंच ठरवावा आणि सामन्याची वाट पाहावी. सामना सुरू झाल्यावर तो स्वतः कोणालाही पळवूं शकत नाहीं. फार तर एखादा खेळाडू बदलतो, डाव बदलतो, आणि खऱ्या मॅनेजराप्रमाणेंच हात चोळीत बसतो.

या खेळाची पहिली पकड आहे ती एका बटणांत. पडद्याच्या कोपऱ्यांत ‘पुढें चला’ अशा अर्थाचें एक बटण असतें. तें दाबलें म्हणजे कालचक्र थोडें फिरतें आणि नवें टपाल येतें. येथें कोणतीही गोष्ट एकटी संपत नाहीं. सामना संपतो तेव्हां खेळाडूची बोलणीं अर्धवट असतात. बोलणीं संपतात तेव्हां चषकाची पुढची फेरी तोंडावर आलेली असते. हंगाम संपतो तेव्हां नव्या हंगामाची खरेदी सुरू झालेली असते. कादंबरीला प्रकरणें असतात, नाटकाला अंक असतात, आणि पडदा पडला कीं प्रेक्षक उठतो. येथें एका अंकाचा पडदा पडण्यापूर्वींच पुढच्या दोन अंकांचे पडदे उघडलेले असतात. ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें १९२७ सालीं बर्लिन येथील आपल्या प्रयोगांवरून असें दाखविलें होतें कीं, पुरीं झालेलीं कामें मन लवकर विसरतें आणि अर्धवट सोडावीं लागलेलीं अधिक लक्षांत ठेवतें. पुढील काळांतल्या सर्वच प्रयोगांत हा निष्कर्ष सारखा उतरला नाहीं हें खरें. परंतु या खेळाची रचना मात्र जणूं त्या एकाच सूत्रावर केलेली आहे.

दुसरी पकड अनिश्चिततेची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यानें फर्स्टर या सहकाऱ्यासह १९५७ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कबुतरें व उंदीर यांच्यावरील प्रयोगांची सविस्तर हकीकत आहे. ठराविक चोंची मारल्या कीं ठराविक दाणा मिळतो असें असेल, तर कबुतर दाणा खाऊन मध्यें विसांवा घेतें. दाणा कधीं तिसऱ्या टोंचीला तर कधीं तिसाव्या टोंचीला मिळत असेल, तर तें विसांवा न घेतां टोंचीतच राहतें, आणि दाणा बंद केला तरी लवकर थांबत नाहीं. ‘पुढें’ हें बटण दाबणाऱ्यास पुढच्या टपालांत काय आहे तें ठाऊक नसतें. बहुतेक वेळां कांहींच नसतें. परंतु एखादे वेळीं हवा असलेला खेळाडू होकार देतो, एखादे वेळीं नव्वदाव्या मिनिटाला गोल होतो. आणि हें ‘एखादे वेळीं’च हाताला बटणावरून हलूं देत नाहीं.

तिसरी पकड अधिक सूक्ष्म आहे. एलेन लँगर या अमेरिकन विदुषीनें १९७५ सालीं एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं लोकांस एक एक डॉलरचीं सोडतीचीं तिकिटें विकलीं. कांहींना तिकीट स्वतः निवडूं दिलें, कांहींच्या हातांत तें नुसतें ठेविलें. नंतर तिकीट परत विकत मागितलें तेव्हां स्वतः निवडलेल्यांनीं दुसऱ्यांच्या चौपटीहूनही अधिक किंमत सांगितली. बक्षीस लागण्याचा संभव तर दोघांचाही सारखाच होता! निवड आपली असली कीं दैवही आपल्या मुठींत आहे असें माणसाला वाटूं लागतें. फुटबॉलच्या कारभारांत निवड पदोपदीं असते. तिचा परिणाम होतो हें खरें, पण तो किती होतो आणि योगायोग किती असतो हें बाहेरून कळावयास मार्ग नसतो. त्यामुळें जय झाला कीं तो आपल्या डावपेंचाचा, आणि पराभव झाला कीं तो गोलरक्षकाचा, अशी वांटणी मन आपोआप करतें; आणि पुढच्या वेळीं गोलरक्षक बदलून पाहिलाच पाहिजे असें वाटतें.

तथापि एवढ्या तीन दोऱ्या तर जुगाराच्या यंत्रालाही असतात. चौथी दोरी मात्र या खेळाची स्वतःची आहे, आणि ती खेळणाऱ्याच्या कल्पनेनें वळलेली असते. कितीतरी वर्षें या खेळांत सामना दिसतच नसे. पडद्यावर एकामागून एक वाक्यें उमटत. अमक्यानें चेंडू अडविला, तमक्यानें पुढें दिला, त्यानें नेम धरला... आणि मग एक क्षणभर वाक्य थांबे. त्या क्षणांत खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जें मैदान उभें राही, तें कोणत्याही चित्रकारास काढतां आलें नसतें. रेडिओवरून सामन्याचें वर्णन ऐकतांना जिवाचा कान करणाऱ्या श्रोत्यास हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुढें चित्रें आलीं, २००८ च्या अखेरीस निघालेल्या आवृत्तींत तीं त्रिमितींत दिसूं लागलीं. परंतु चित्रें नव्हतीं तेव्हां पकड कांहीं सैल नव्हती. अंतिम सामन्याच्या वेळीं घरांत एकटेंच असतां सूट व टाय घालून संगणकापुढें बसणारे खेळाडू होऊन गेले आहेत. जगास हें हास्यास्पद वाटेल. परंतु देवघरांतल्या मूर्तीस ऊन लागेल म्हणून पडदा ओढणाऱ्या माणसाच्या मनाची जी जात, तिच्याहून ही फार निराळी नाहीं; भावना एकदां जडली म्हणजे ती उपचार मागतेच.

या कल्पनेच्या जगांतही सदसद्विवेकाला जागा आहे, ही मोठी मौजेची गोष्ट होय. संगणकावर खेळाची स्थिति जतन करून ठेवतां येते. सामना हरला, तर यंत्र बंद करावें, जुनी जतन केलेली स्थिति पुन्हां उघडावी आणि तोच सामना पुन्हां खेळावा. असें दहा वेळां केलें तरी यंत्र तक्रार करीत नाहीं आणि कोणाला कळतही नाहीं. पण असें करणारास लाज वाटते. पुष्कळजण “आपण हें करीत नाहीं” असें अभिमानानें सांगतात. आणि जे करतात त्यांना लौकरच अनुभव येतो कीं, दुसऱ्यांदां जिंकलेल्या सामन्याची चव बेचव लागते. पराभव पुसतां आला कीं विजयही पुसट होतो. यावरून असें दिसतें कीं, या खेळांत माणसाला जें हवें असतें तो नुसता विजय नव्हे. त्याला जबाबदारी हवी असते. घेतलेला निर्णय परत फिरवितां येत नाहीं, त्याचें फळ भोगावें लागतें, आणि तें फळ आपल्याच निर्णयाचें आहे हें स्पष्ट दिसतें, या गोष्टीची भूक येथें भागते.

आणि या खेळाच्या मोहाचें मर्म येथेंच आहे. कचेरींत वर्षानुवर्षें कागद हलविणाऱ्या माणसास आपल्या श्रमाचें फळ कोठें दिसत नाहीं. विद्यार्थ्यास परीक्षेचा निकाल महिन्यांनीं कळतो, आणि अभ्यास केलेला प्रश्न आलाच नाहीं अशीही गत होते. संसारांत केलेल्या कष्टांचा गुणतक्ता कोणी भिंतीवर लावीत नाहीं. पडद्यावरच्या क्लबांत मात्र सारें नियमानें चालतें. आज हेरलेला मुलगा तीन हंगामांनीं संघाचा आधारस्तंभ होतो. चौथ्या वर्गांतला दरिद्री क्लब सात-आठ वर्षांच्या कारभारानें वरच्या वर्गांत चढतो. आणि हें कोणामुळें झालें याविषयीं शंका राहत नाहीं. म्हणून हा खेळ आळशी माणसांपेक्षां कष्टाळू माणसांनाच अधिक ओढतो असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं. काम टाळून करावयाची करमणूक म्हणून मनुष्य त्याकडे जातो, आणि तेथें जाऊन दुप्पट काम करतो!

परंतु या नियमबद्ध जगाचें सामान खऱ्या जगांतून आणलेलें आहे, आणि त्यामुळें एक निराळाच प्रश्न उभा राहतो. खेळांतील माहिती जमविण्यासाठीं देशोदेशीं माणसें नेमलेलीं असतात. तीं स्थानिक सामने पाहतात आणि खेळाडूंस आंकडे देतात. हें काम इतकें विस्तृत आहे कीं, २००८ सालीं एव्हर्टन या इंग्रज क्लबानें खरे खेळाडू हेरण्यासाठीं या माहितीचा उपयोग करण्याचा करार केला. कधीं कधीं मौजही घडे. २००१ सालच्या आवृत्तींत पोर्तुगालमधील गोव्हेया या लहानशा क्लबांत टो मदेइरा नांवाचा एक विलक्षण गोल करणारा खेळाडू होता. खेळणाऱ्यांनीं त्यास लक्षावधि रुपयांच्या मोलानें विकत घेतलें. मागाहून उमगलें कीं असा मोठा खेळाडू जगांत नव्हताच!

प्रत्येक तरुण खेळाडूच्या नांवामागें, तो पुढें किती मोठा होऊं शकेल याचा एक आंकडा खेळाच्या पोटांत गुप्तपणें लिहिलेला असतो. दोनशें हा त्याचा कळस. मिलवॉल क्लबांत शिकणाऱ्या चेर्नो सांबा या मूळच्या गँबियाच्या मुलाला त्याच २००१ च्या आवृत्तींत असा मोठा आंकडा लाभला होता. असंख्य खोल्यांतून तो जगांतला श्रेष्ठ गोलवीर झाला. प्रत्यक्षांत मिलवॉलच्या मुख्य संघांतून त्याला एकही सामना खेळावयास मिळाला नाहीं. पुढें स्पेन, इंग्लंड, फिनलंड, ग्रीस, नॉर्वे असें फिरत त्यानें आपली कारकीर्द केली आणि गँबियाच्या राष्ट्रीय संघांतूनही तो खेळला. डर्बी क्लबांत शिकणारा टोंटन झोला मुकोको याचीही कथा अशीच. पडद्यावर दिगंत कीर्ति, आणि प्रत्यक्षांत डर्बीच्या मुख्य संघांत जागा नाहीं. यांत आंकडा देणाऱ्याचा दोष म्हणावा असा नाहीं. दुखापत, घरची ओढ, शिक्षकाची मर्जी, बदललेला मॅनेजर, हुकलेली संधि, यांचे रकाने कितीही मांडले तरी आयुष्य त्यांत मावत नाहीं. खऱ्या जगांत कोणाच्याही नांवामागें तो गुप्त आंकडा लिहिलेला नसतो. तो असतो असें मानण्याची सोय हेंच या खेळाचें मोठें सुख, आणि तोच त्याचा मोठा भ्रम होय.

खेळांत गुंतून जग विसरण्याची कथा आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांत जुगाऱ्याचें एक सूक्तच आहे. त्यांत फांशांनीं घर उद्ध्वस्त झालेल्या मनुष्याचा पश्चात्ताप वर्णिला आहे. धर्मराजाचें द्यूत आणि नलराजाचा वनवास घरोघरीं ठाऊक आहे. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेंतील लखनौचे दोन सरदार राज्य जात असतां बुद्धिबळाचा डाव सोडीत नाहींत. फुटबॉलच्या कारभारी खेळांत पण लावावयाचा नसल्यानें घर विकलें जात नाहीं, हा मोठा भेद खरा. पण पैसा जात नाहीं म्हणून कांहींच जात नाहीं असें नव्हे. येथें जातो तो वेळ; आणि वेळ खिशांतून जातांना नाण्यासारखा वाजत नाहीं. २०१२ सालीं या खेळाच्या भक्तांच्या कथा सांगणारें एक इंग्रजी पुस्तक निघालें. त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘फुटबॉल मॅनेजरानें माझें आयुष्य चोरलें’ असा आहे. तें थट्टेनें दिलेलें नांव असलें, तरी थट्टा खऱ्या गोष्टीचीच होत असते.

मग हें व्यसन म्हणावें काय? येथें शब्द जपून वापरला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत संगणकीय खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून स्थान दिलें आहे. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणें, इतर आवडी आणि रोजचीं कामें मागें पडून खेळालाच अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनही खेळणें चालूच राहणें. हीं लक्षणें सामान्यतः बारा महिने टिकलेलीं असावीं, आणि त्यांमुळें घर, शिक्षण किंवा नोकरी यांत ठळक बिघाड झालेला असावा, अशीही अट आहे. असा विकार वेगळा मानण्यासच कांहीं मानसशास्त्रज्ञांचा विरोध होता, हेंही नमूद केलें पाहिजे. या कसोटीला लावून पाहिलें, तर दोन रात्री जागणारा प्रत्येक मुलगा रोगी ठरत नाहीं. कित्येकांस तर या खेळानें कठीण दिवसांत सोबत केली आहे. २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें इंग्लंडांतील खरा फुटबॉल बंद पडला, तेव्हां हा खेळ थोडे दिवस विनामूल्य खुला करण्यांत आला होता, आणि मैदानें ओस असतां घरोघरचे हंगाम चालू राहिले होते. रोग नाहीं म्हणून सावधगिरीही नको, असें मात्र यावरून ठरत नाहीं.

सावधगिरीचा मार्ग या खेळाच्या रचनेंतूनच सांपडतो. खेळाला स्वतःचा शेवट नाहीं, तेव्हां तो बाहेरून ठरविला पाहिजे. आणि तोही बसण्यापूर्वीं, बसल्यावर नव्हे. पराभवानंतर उठणें सर्वांत कठीण जातें, कारण तेव्हां मन भरपाई मागत असतें. म्हणून सामना संपण्याची वाट न पाहतां दोन सामन्यांच्या मध्यें उठण्याची संवय करावी. घरच्या मंडळींनीं संगणकाची तार ओढून टाकण्यानें कांहीं साधत नाहीं. जतन न केलेला हंगाम त्याबरोबर जातो आणि भांडण तेवढें उरतें. त्यापेक्षां “तुझा क्लब सध्यां कितव्या क्रमांकावर आहे?” हा साधा प्रश्न अधिक काम करतो. ज्या कारभाराचें कौतुक करावयास कोणीच नव्हतें, तो ऐकावयास कोणी आलें म्हणजे खुर्ची आपोआप अर्धी वळते. आणि बाहेरच्या जगांत त्याच्यावर खरी जबाबदारी सोंपविण्याजोगें कांहीं आहे काय, मग तें गल्लींतल्या मुलांचा संघ चालविणें असो किंवा घरचा जमाखर्च ठेवणें असो, याचाही विचार व्हावा. भूक जबाबदारीची असेल, तर नुसता उपास हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. खेळणाऱ्यास वाटतें कीं, आतां उठलों तर डाव हातचा जाईल. वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट असते. तो उठला कीं पडद्यावरचें कालचक्र जेथल्या तेथें थांबतें. तीन दिवसांवर आलेला सामना आठवडाभरानें येऊन पाहिलें तरी तीन दिवसांवरच असतो. रुसलेला खेळाडू तेवढाच रुसलेला असतो. संचालकांचें पत्र तसेंच उघडलेलें असतें. त्या जगांतलें कांहींही त्याच्यावांचून पुढें जात नाहीं. त्याच्यावांचून पुढें जातें तें घरांतलें जग: वाढणारें मूल, थकत जाणारे आईबाप, निवत चाललेलें ताट. दोहोंपैकीं कोणतें घड्याळ थांबवून ठेवतां येतें आणि कोणतें येत नाहीं, एवढें ज्यास उमगलें, त्यानें हा खेळ खुशाल खेळावा. ‘पुढें’चें बटण त्याच्या हाताखालीं राहील, त्याचा हात बटणाखालीं जाणार नाहीं.